मूत्राशयाचा कर्करोग : वेळीच ओळख, वेळीच उपचार



१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. आज पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली असून हजारो कामगार तेथे राबत आहेत. त्यांच्या आरोग्याविषयी एक गोष्ट आपणापुढे ठेवावयाची आहे.

रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच निदर्शनास आणले. रंग व रबर उद्योगांतील काही रसायने त्यास कारणीभूत ठरतात. सर्वांत मोठे कारण मात्र धूम्रपान हेच होय.

वेदना न होता लघवीतून रक्त जाणे, हे बहुधा पहिले लक्षण. रक्त एकदा दिसते, मग थांबते. ‘उन्हाळी लागली असेल’ असे म्हणून माणूस पाळीवर जातो. हाच विलंब घातक ठरतो.

रोग अस्तरापुरता असल्यास दुर्बिणीतून गाठ काढता येते. तो पुन्हा उद्भवू नये म्हणून क्षयप्रतिबंधक बी.सी.जी. मूत्राशयात सोडतात. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही पद्धती आज जगभर रूढ आहे, यासाठीचे बी.सी.जी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही तयार केले आहे. रोग स्नायूंत शिरल्यावर मात्र पुष्कळदा मूत्राशयच काढावे लागते.

म्हणून सरपंच, शिक्षक व अधिकारी बंधुभगिनींनी घरोघरी एवढेच सांगावे : लघवीत एकदाही रक्त दिसले, तर तपासणी टाळू नका, आणि आपण कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.