चित्रपटातले गाणे कसे ऐकावे?



सिनेमाचे गाणे म्हटले की घरात दोन तट पडतात. पोरे म्हणतात, लावा. वडीलमाणसे म्हणतात, पुरे करा. खरे पाहिले तर दोन्ही पक्षांत नीट ऐकणारे थोडेच. गाणे कानावर पडणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. पाऊस सगळ्यांच्याच अंगणात पडतो. पण पागोळीखाली हंडा ठेवील त्याच्याच घरात पाणी येते.

मग ऐकावयाचे म्हणजे काय करावयाचे? आधी एक प्रश्न विचारावा : हे गाणे कोण म्हणतो आहे, आणि कोणत्या वेळी? मैफलीत गवई स्वतःचे गाणे गातो. चित्रपटातले गाणे मात्र गोष्टीतल्या एखाद्या माणसाचे असते. त्या माणसाचा स्वभाव चालीत उतरला पाहिजे.

'संत तुकाराम' हा प्रभात कंपनीचा 1936 सालचा बोलपट घ्या. संगीत केशवराव भोळे यांचे. आरंभीच तुकोबा एक अभंग म्हणतात. चाल साधी, शब्दाला कोठे धक्का न लावणारी. लगेच दांभिक सालोमालो तोच अभंग आपल्या नावावर खपवून नटवूनथटवून गातो. एकाचे लक्ष देवाकडे, दुसऱ्याचे ऐकणाऱ्यांकडे. हे कोणी बोलून दाखवावे लागत नाही, चालच सांगते. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीजावर एक अभंग रचला. तो इतका जुन्या वळणाचा उतरला की पुष्कळांनी तुकोबांचाच मानला!

पुढच्याच वर्षी, 1937 साली, 'कुंकू' आला. संगीतकार तेच, पण येथे पडद्यामागून वाद्ये वाजवण्याऐवजी प्रसंगातले खरे आवाजच ठेवले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या मुलीची ती कथा. तिथे घरातले घड्याळसुद्धा बोलू लागते. कोठे वाजवावे हे संगीतकाराला कळावे लागते, तसेच कोठे गप्प राहावे हेही.

शिक्षकांना जवळचे उदाहरण 'श्यामची आई' या 1953 सालच्या चित्रपटाचे. संगीत वसंत देसाई यांचे. त्यात छडीचे गाणे शाळकरी पोरांचे, टाळी धरून म्हणावे असे. दुसरे गाणे द्रौपदीने कृष्णासाठी पीतांबर फाडल्याचे. वर्गात दोन्ही ऐकवा आणि विचारा : पहिल्याची चाल दुसऱ्याला लावली तर काय बिघडेल? मुले बरोबर सांगतील.

एक गाणे तीनदा ऐकवावे. पहिल्यांदा फक्त शब्दांसाठी. दुसऱ्यांदा चालीसाठी : ध्रुवपद कोठे संपते, अंतरा कोठे वर चढतो, पुन्हा ध्रुवपदावर कसा उतरतो. तिसऱ्यांदा साथीसाठी : ठेका कोणता, मध्ये बासरी आहे की सतार. जुनी तव्याची ध्वनिमुद्रिका एका बाजूला सुमारे तीन मिनिटेच वाजे, म्हणून पुष्कळ गाणी तेवढ्यातच बसवलेली. तीनदा ऐकायला दहा मिनिटे पुरतात.

आणि आता मुख्य गोष्ट. ही चाल आली कोठून? 1965 सालच्या 'साधी माणसं' चित्रपटात जगदीश खेबुडकरांनी लिहिलेले ऐरणीचे गाणे आहे. चाल लता मंगेशकर यांनी 'आनंदघन' या नावाने बांधली. लोहाराच्या घरातले ते गाणे कामाच्या लयीवर चालते. अशी गाणी स्टुडिओत जन्मली खरी, पण त्यांचे माहेर गावातच आहे. ओवी, लावणी, पोवाडा, भजन, गोंधळ या साऱ्यांचे देणे चित्रपटाने घेतलेले आहे.

ते फेडणार कोण? गिरणी आली, जाते थांबले, आणि जात्यावरच्या ओव्या म्हाताऱ्या बायांच्या आठवणीत जाऊन बसल्या. चित्रपटातले गाणे तबकडीवर राहील, मोबाइलवर राहील. आजीची ओवी मात्र आजीबरोबर जाईल.

तेव्हा गुरुजी, बाई, मुलांना सिनेमाचे गाणे म्हणू नका असे सांगू नका. ते गाणे घेऊन त्यांना आजीकडे पाठवा. "आजी, अशा वळणाचे काही तुला येते का?" असे विचारू द्या. ती म्हणेल ते वहीत उतरू द्या, आवाज मोबाइलवर टिपू द्या. दर शनिवारी एक ओवी जमली तरी वर्षाकाठी शाळेजवळ चांगली शिदोरी होईल. आणि मग सिनेमाचे गाणे लागले की तीच मुले तुम्हांला सांगतील, ही चाल कोणाच्या घरची ते.