एक भागाकार, एक गुणाकार : आपल्या घरातल्या विजेचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सोसायटीला 25 वर्षं झाली. या काळात आपण इमारतीला रंग काढला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, पंप बदलले. पण भिंतींच्या आतल्या वायरी बहुतेक घरांत पहिल्यापासूनच्याच आहेत. त्या टाकल्या तेव्हा घरात ट्यूब, पंखे, फ्रिज आणि एक टीव्ही, एवढाच पसारा होता. आता त्याच वायरींवर एसी, गीझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन शेगडी चालते. वायरींना हे झेपतंय का? ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. एक भागाकार आणि एक गुणाकार पुरतो.

आधी तीन शब्द समजून घेऊ. गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला दाब मिळतो, तसा विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज. आपल्याकडे तो साधारण 230 व्होल्ट. पाइपातून किती पाणी वाहतं, तसा विजेचा प्रवाह म्हणजे करंट. तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि अरुंद पाइप पाण्याला अडवतो, तसा विजेला होणारा अडथळा म्हणजे रोध, त्याचं माप ओहम. गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने 1827 साली या तिघांचं नातं पुस्तकात मांडलं, म्हणून हे नाव.

आता हिशेब. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॉट, म्हणजे पॉवर मिळते.

समजा इलेक्ट्रिशियनने चिमट्यासारखा टाँग टेस्टर गीझरच्या वायरला लावला आणि 8.7 अँपिअर दाखवले. 230 भागिले 8.7, म्हणजे रोध सुमारे 26.4 ओहम. 230 गुणिले 8.7, म्हणजे सुमारे 2000 वॉट. असा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पडलं. एखाद्या सकाळी दाब 200 व्होल्टवर आला तर? 200 भागिले 26.4, करंट 7.6. गुणाकार केला की जेमतेम 1500 वॉट. पाणी उशिरा तापतं ते यामुळे. गीझर बिघडलेला नसतो.

हा हिशेब गीझर, इस्त्री, किटली अशा तापणाऱ्या वस्तूंना चपखल बसतो. मोटर असलेल्या फ्रिज-एसीसाठी तो अंदाजापुरता घ्यायचा.

उलट बाजूनेही करता येतो. वस्तूवर वॉट छापलेले असतात, त्यांना 230 ने भागा. 1500 वॉटची किटली 6.5 अँपिअर घेते. आपला छोटा सॉकेट 6 अँपिअरचा. म्हणजे एकटी किटलीच त्याच्या मर्यादेबाहेर जाते, आणि आपण त्याच सॉकेटवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून शेजारी टोस्टरही जोडतो!

आता मुख्य मुद्दा. इंग्लंडच्या जेम्स जूलने 1841 साली दाखवून दिलं की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. सूत्र सोपं आहे : करंट गुणिले करंट गुणिले रोध.

मीटरपासून गीझरपर्यंत जाऊन-येऊन 40 मीटर अडीच एमएमची तांब्याची वायर धरा. तिचा रोध सुमारे 0.3 ओहम. 8.7 अँपिअरला उष्णता सुमारे 23 वॉट, पण ती 40 मीटरभर पसरलेली. हात लावला तरी फारसं जाणवणार नाही. आता सॉकेटमधला एक स्क्रू सैल झालाय आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झालाय असं समजा. उष्णता सुमारे 38 वॉट, आणि तीही मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंगचं यंत्र 25 वॉटचं असतं, त्यावर शिसं वितळतं. त्याच सैल सॉकेटवर मोबाइल चार्जर लावला तर करंट इतका कमी, की काही कळतही नाही. म्हणून "चार्जर तर नीट चालतो की" ही खात्री होऊ शकत नाही.

एमसीबी का पडत नाही, असं अनेकजण विचारतात. एमसीबी फक्त जास्त करंट ओळखतो. सैल सांध्यामुळे रोध वाढतो, म्हणजे करंट उलट किंचित कमीच होतो. एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक असतं, आणि इकडे प्लास्टिक वितळत असतं. तापलेला सांधा आणखी काळा पडतो, रोध आणखी वाढतो. हे चक्र आपोआप थांबत नाही.

तेव्हा खुणा आपणच ओळखायच्या : पिवळा पडलेला सॉकेट, काळी झालेली पिन, जळका वास, गीझर लावला की लुकलुकणारा दिवा. यातलं काही दिसलं तर त्या लाइनचा एमसीबी बंद करा आणि सॉकेट बदलून घ्या. पिन घासून पुन्हा लावू नका. आणि सारखा पडतो म्हणून 16 चा एमसीबी काढून 32 चा बसवून घेऊ नका. एमसीबी मोठा झाला तरी भिंतीतली वायर तेवढीच राहते.

कमिटीला एक विनंती आहे. जुबिलीच्या खर्चात परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मीटर रूममधले आणि प्रत्येक घरातले सांधे तपासून, आवळून घेण्याचं काम बसवावं. आणि मुलांनो, तुम्हाला सुट्टीचा अभ्यास : घरातल्या प्रत्येक वस्तूवरचे वॉट एका वहीत लिहा, 230 ने भागा, कोणती वस्तू कोणत्या सॉकेटवर आहे ते समोर मांडा. जिथे 6 च्या वर आकडा गेला आणि सॉकेट छोटा आहे, तिथे लाल खूण करा आणि वही आई-बाबांना दाखवा.

पुढची 25 वर्षं सगळ्यांना सुखाची जावोत.