भरतकाम, संसार आणि आजारी मोत्या
(महिला शाखेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकींचा फुलीच्या टाक्याशी पहिला परिचय रुखवतात झालेला असेल. मॅटीच्या कापडावर भरलेले पोपट, 'सुस्वागतम्' अशी काचेच्या चौकटीत बसविलेली अक्षरे, टेबलावरचा रुमाल, उशांचे अभ्रे, आणि त्यापुढे उभे राहून "वधूने स्वतः केले आहे हो!" असे सांगणाऱ्या मावश्या. लग्न झाले की हे सारे ट्रंकेत जात असे आणि सुईही बहुधा त्याबरोबरच जात असे. भरतकाम हे लग्नापूर्वी करून संपवावयाचे काम, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ झाली ती मला कधीच पटली नाही. संसारात ज्या वयात मन कोठेतरी स्थिर ठेवण्याची खरी गरज भासते, त्याच वयात आपण ते बाजूस ठेवतो.

हा टाका पुष्कळ जणींस परदेशी वाटतो. परंतु धारवाडकडील कशिदा, ज्यास तिकडे कसूती म्हणतात, त्याच्या चार टाक्यांपैकी एक टाका फुलीचाच आहे. मेथीच्या दाण्यासारखा दिसतो म्हणून त्यास मेंथी असे नाव आहे. बाकीचे तीन गवंती, मुर्गी आणि नेगी. इरकली लुगड्यांवरील गोपुरे, पालख्या, हत्ती कापडावर न रेखता केवळ धागे मोजून भरतात. आपल्या कित्येक आज्यांनी अशी लुगडी नेसलेली आहेत. तेव्हा मोजून टाका घालणे ही विद्या आपल्या अंगणापासून फार दूरची नव्हे.

आता थोडा हिशेब. हल्ली फुलीच्या टाक्यासाठी जे आयडा कापड मिळते त्यात साधारणपणे एका इंचात चौदा घरे असतात. पाच इंच रुंद व सात इंच उंच असे लहानसे चित्र घेतले, तर सत्तर गुणिले अठ्ठ्याण्णव, म्हणजे ६,८६० फुल्या झाल्या. माझा हात तासाला सुमारे शंभर फुल्यांचा आहे. म्हणजे एकोणसत्तर तास. रोज अर्धा तास मिळाला तर साडेचार महिने. ज्या भगिनी "एवढे झाले की बसेन" असे म्हणून सलग दुपारीची वाट पाहतात, त्यांना मी हाच हिशेब दाखविते. सलग दुपार येत नाही. अर्धा तास मात्र येतो, आणि तोही दहा दहा मिनिटांच्या तुकड्यांनी येतो.

मोजणीच्या भरतकामाचा मोठा गुण हा की, ते कोणत्याही क्षणी खाली ठेवता येते. पाक चुलीवरून उतरविण्यास क्षणाचा उशीर चालत नाही. येथे फुली पुरी केली, सुई कापडात टोचली, की दूधवाला, नातू, कुकरची शिट्टी कोणीही हाक मारावी. मात्र त्यासाठी काम तसे मांडावे लागते. आरंभीच दर दहा घरांवर वेगळ्या रंगाचा सैल धागा ओढून चौकोन पाडून घ्यावेत. सर्व फुल्यांचा वरचा पाय एकाच दिशेस जावा. हातभरापेक्षा लांब धागा घेऊ नये. आणि उठताना नमुन्यावर पेन्सिलीने खूण करावी. स्मरणावर भिस्त ठेवू नये. एवढे केले म्हणजे तीन दिवसांनी परत आल्यावरही काम आपणांस ओळखते.

हे सारे मला अधिक तीव्रतेने जाणवले ते आमच्या मोत्यामुळे. मोत्या हा आमचा बारा वर्षांचा पांढरा स्पिट्झ. आपल्याकडे अशा कुत्र्यांना सर्रास पामेरियन म्हणतात. गेल्या वर्षी त्यास रात्री खोकला येऊ लागला, जिना चढताना तो मध्येच बसू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप वयोमानाने जाड होऊन नीट मिटत नाही, रक्त उलटे झिरपते, त्यामुळे हृदय मोठे झाले आहे. लहान चणीच्या कुत्र्यांत हा विकार पुष्कळ आढळतो. औषधांनी तो बरा होत नाही. पण औषधांनी दिवस वाढतात आणि सुखाचेही होतात.

औषधे बारा बारा तासांनी. एक गोळी जेवणापूर्वी तासभर, उपाशी पोटी. दुसरी लघवी वाढविणारी, जेणेकरून फुप्फुसात पाणी साचू नये. ही दुसरी गोळी दिली की त्यास तहान फार लागते, आणि दोन तासांत तीनदा खाली न्यावे लागते. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर असून उद्वाहन नाही. तेव्हा सकाळचा माझा भरतकामाचा वेळ जिन्यावर गेला, हे उघडच आहे. पापड, फरसाण, लोणच्याची फोड या खाऱ्या वस्तू त्यास वर्ज्य झाल्या. नामदेवरायांनी पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ही कथा आमच्या सासूबाईंना फार प्रिय. आम्हांला मात्र घरातल्या सर्वांच्या हातून पापडाचा तुकडा काढून घेण्यासाठी मोत्यामागे धावावे लागते.

डॉक्टरांनी सर्वांत महत्त्वाचे काम सांगितले ते मोजण्याचे. कुत्रा गाढ झोपला असता त्याचे श्वास मोजावयाचे. छाती वर आली आणि खाली गेली, म्हणजे एक. मिनिटास तीसच्या आत असले तर ठीक. पुनःपुन्हा मोजूनही तीसच्या वर जात असतील तर उशीर न करता कळवावे, कारण खोकला किंवा धाप दिसण्यापूर्वीच हा आकडा वाढू लागतो. धावल्यावर किंवा उन्हातून आल्यावर मोजलेल्या आकड्यास काही अर्थ नाही.

हे काम आमच्या सासूबाईंनी आपण होऊन घेतले. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. दृष्टी अधू झाल्याने सुई सुटली, वाचन सुटले. पण मोत्या त्यांच्या पलंगाखालीच निजतो. त्या हात खाली सोडून त्याच्या बरगडीवर हलकेच ठेवतात, आणि एकेका श्वासास जपमाळेचा एकेक मणी ओढतात. घड्याळ मी पाहते. मिनिट झाले की त्या मणी मोजतात आणि मी माझ्या नमुन्याच्या कागदाच्या कडेला आकडा टिपते: बावीस, चोवीस, एकवीस. आपल्या हातून आता घरास काही उपयोग नाही, असे त्या वर्षभर म्हणत असत. हल्ली म्हणत नाहीत.

गेल्या आषाढात एके रात्री त्यांनी मला हाक मारली. "मणी फार लवकर सरताहेत," म्हणाल्या. शेहेचाळीस भरले. बाहेर धो धो पाऊस. आमच्या मुलाने त्यास चादरीत गुंडाळून उचलले, सूनबाईंनी गाडी काढली. रुग्णालयात प्राणवायू व इंजेक्शन देऊन पहाटेपर्यंत पाणी उतरले. अर्धा तास उशीर झाला असता तर काय झाले असते, हे डॉक्टर बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही.

भरतकाम करणाऱ्या घरात कुत्रे-मांजर असेल तर एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. सुई सर्वांस दिसते. धाग्याचा विचार कोणी करीत नाही. गिळलेला लांब धागा एका टोकास अडकला की आतडे त्यावर गोळा होते आणि कापलेही जाते. धागा तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला तरी तो ओढू नये. तसेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. मी धाग्यांची कात्रणे झाकणाच्या बरणीत टाकते आणि उठताना सुया मोजते. तसेच, आपल्या अंगदुखीच्या गोळ्या त्यांना मनाने कदापि देऊ नयेत. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्यास विषबाधा होऊ शकते.

आता लोक काय म्हणतात ते. एका आप्तांनी मला स्पष्ट विचारले की, कुत्र्याच्या औषधांवर एवढा खर्च आणि चित्रांवर एवढा वेळ, हे गृहिणीस शोभते काय? खर्च खरोखरच आहे, आणि ज्या घरास तो झेपत नाही त्या घरास कोणी दोष देऊ नये. परंतु बारा वर्षे ज्याने दाराशी आपली वाट पाहिली, त्याच्या म्हातारपणी आपण हिशेबाची वही उघडावी, हे मला जमत नाही. पुढे केव्हातरी औषधे पुरी पडेनाशी होतील. त्यास अधिक क्लेश न देता निरोप द्यावा काय, हा प्रश्न आमच्या घरात सासूबाईंनीच प्रथम उच्चारला. तो न बोलता उराशी धरून बसण्यापेक्षा सर्वांनी मिळून बोललेला बरा. त्याचे खाणे, त्याची झोप आणि सूनबाई आल्यावर शेपूट हलते की नाही, या तीन गोष्टी पाहावयाच्या, असे आमचे ठरले आहे.

छंदाच्या बाबतीत मात्र मी कठोर झाले. भाचीच्या रुखवतासाठी पाच नमुने भरून देण्याचे ठरले होते. आषाढातील त्या रात्रीनंतर मी वन्संना कळविले की, एकच देईन, पण नीट देईन. त्या किंचित नाराज झाल्या. भाची झाली नाही. लग्नसराईत इतरांच्या तारखांस बांधलेला छंद हा छंद राहत नाही, ती दुसरी नोकरी होते. हे आपल्यातील कुशल हातांच्या भगिनींनी विशेषतः ऐकावे, कारण मागणी नेहमी त्यांच्याकडेच येते.

तो एक नमुना पुरा झाला आहे. गोपुर आणि दोन मोर, सारे तांबड्या धाग्यात. भरताना मोत्याचे पांढरे केस टाक्यांखाली पुष्कळ अडकले. चिमट्याने निघाले तेवढे काढले, उरले ते तसेच आहेत. भाचीस सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मामी, असू देत."

नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना शिकावयाचे असेल त्यांनी तो उलटा करून मागील बाजू अवश्य पाहावी. कागदाच्या कडेचे आकडे विचारू नयेत, ते सासूबाईंचे आहेत. मला आठच्या गोळीसाठी घरी पोहोचावयाचे असल्याने मी आपली रजा घेते. नमस्कार.