एका वेळी एकच इलेक्ट्रॉन



इजिप्तमधल्या देसूक गावी एका मुलाच्या अभ्यासाच्या खोलीवर घरच्यांनी पाटी लावली होती: ‘डॉ. अहमद’. डॉक्टरेट तेव्हा फार लांब होती. आईचा कॉफीचा स्टोव्ह आणि काचेच्या चार नळ्या जोडून हा मुलगा लाकडाचा पेटता वायू कसा होतो ते बघत बसायचा. घराला आग लागायची भीती होती, हे त्या मुलानेच पुढे लिहून ठेवलंय. तो मुलगा म्हणजे अहमद झेवेल. लाकूड आपण सगळेच पाहतो, राखही पाहतो. त्यांना पाहायचं होतं ते मधलं.

अलेक्झांड्रियात शिक्षण, पेनसिल्व्हेनियात डॉक्टरेट, १९७६पासून अमेरिकेतल्याच कॅल्टेक या संस्थेत. रेणूतला बंध तुटतानाचा क्षण त्यांनी लेसरच्या स्पंदांनी, म्हणजे प्रकाशाच्या अतिशय छोट्या झोतांनी, गाठला, आणि १९९९चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. वय त्रेपन्न. इथे थांबले असते तरी कुणी बोल लावला नसता. पण प्रकाशाने वेळ मोजता येत होती, अणू दिसत नव्हते. अणू दाखवतो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, आणि त्याची अडचण उलटी: तो पदार्थ दाखवतो थिजलेला. या दोघांची गाठ घालायची, असं झेवेल यांनी ठरवलं. त्यांच्या कारकिर्दीतला हा निर्णय मला नोबेलहूनही मोठा वाटतो.

अडचण कुठे होती, तेवढं नीट सांगतो. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. इवल्याशा स्पंदात त्यांची गर्दी केली की स्पंद वाटेतच फुगतो, आणि क्षण हातचा जातो. त्यावर झेवेल यांच्या गटाने काढलेला तोडगा असा, की एका स्पंदात सरासरी एकच इलेक्ट्रॉन सोडायचा. मग ढकलायला शेजारीच उरत नाही! पण एका इलेक्ट्रॉनने चित्रात उमटतो एक ठिपका. म्हणून तोच प्रयोग लाखो वेळा करायचा आणि ठिपक्या-ठिपक्याने चित्र भरत न्यायचं. दर वेळी पदार्थ पहिल्या स्थितीवर परतला पाहिजे, ही त्यातली कडक अट.

आणि वेळ कशी साधायची? लेसरचा एक स्पंद पदार्थाला धक्का देतो, दुसरा सूक्ष्मदर्शकाच्या कॅथोडमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून सुटतात त्या टोकातून, इलेक्ट्रॉन उडवतो. एका स्पंदाच्या वाटेत आरसा असतो. तो १५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी, मागे सरकवला की जाऊन-येऊन प्रकाशाची वाट ३० मायक्रॉनने वाढते आणि स्पंद १०० फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. एका फेम्टोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम ०.३ मायक्रॉन जातो. काळ मोजायला घड्याळ नाही, अंतर वापरलंय. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नव्हती.

याच युक्तीने २००८मध्ये झेवेल यांच्या गटाने ग्रॅफाइटचा पातळ पापुद्रा लेसरच्या धक्क्याने थरथरताना पाहिला. आधी नुसता गोंधळ, मग हळूहळू एकच ठेका, सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा, डफाच्या कातड्यासारखा.

२०१६ साली झेवेल गेले. त्यांच्याबरोबर काम केलेले डेव्हिड फ्लॅनिगन मिनेसोटा विद्यापीठात पदार्थांच्या अभ्यासाच्या अंगाने ही विद्या पुढे नेत आहेत. २०१६मध्येच फ्लॅनिगन यांच्या गटाने स्फटिकातून धावणाऱ्या लहरी टिपल्या. त्या पिकोसेकंदाला, म्हणजे हजार फेम्टोसेकंदांत, काही नॅनोमीटर सरकतात, आणि निघतात कुठून, तर स्फटिकातल्या एखाद्या पायरीपासून, एखाद्या दोषापासून.