कोटेशनच्या खालच्या ओळी



साताऱ्याच्या एक शिक्षिका एकदा माझ्याकडे शोरूमचं कोटेशन घेऊन आल्या. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, रोजचं येणंजाणं चाळीस किलोमीटर, म्हणून इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलेलं. गाडीची एक्स-शोरूम किंमत साडेचौदा लाख होती आणि खाली ऑन-रोड आकडा होता १५ लाख ९६ हजार. बाईंचा प्रश्न एवढाच होता, "गाडी चांगली आहे ना हो?" गाडी चांगलीच होती. मी त्यांना उलट विचारलं, "बाई, हे वरचे एक लाख ४६ हजार कसले?" त्या म्हणाल्या, "टॅक्स असेल ना. आमच्या ह्यांनी मागे पेट्रोलची गाडी घेतली तेव्हा याहून जास्त लागले होते."

आज मला बोलायचंय ते नेमकं याच उत्तराबद्दल.

पेट्रोलच्या गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स लागतो. दहा लाखांपर्यंतच्या गाडीला ११ टक्के, दहा ते वीस लाखांमध्ये १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के. म्हणजे पंधरा लाखांच्या पेट्रोल गाडीवर सुमारे एक लाख ८० हजार रुपये नुसते सरकारला जातात. आपल्या मनात हे गणित इतकं पक्कं बसलंय की एक्स-शोरूम आणि ऑन-रोडमध्ये दीड-दोन लाखांचं अंतर दिसलं, तरी कुणी दचकत नाही. इलेक्ट्रिक गाडीला मात्र आपल्या राज्याच्या धोरणानुसार हा कर माफ आहे. नोंदणीची फीसुद्धा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना माफ केली. जीएसटी पाच टक्के, पण तो एक्स-शोरूम किमतीत आधीच धरलेला असतो. मग सरकारचा वाटा जवळजवळ शून्यावर आला असताना ते अंतर तेवढंच कसं राहतं? करांनी रिकामी केलेली जागा दुसऱ्या कशाने तरी भरलेली असते. ते दुसरं काय आहे, हे पाहायला हवं.

बाईंचा कागद मी त्यांच्यासमोर ओळीओळीने वाचला. विमा ७८ हजार. रजिस्ट्रेशन आणि आरटीओ साडेबारा हजार. हँडलिंग आणि लॉजिस्टिक १८ हजार. अॅक्सेसरीज किट २३ हजार. आणि टीसीएस साडेचौदा हजार.

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू, कारण ती खरी आहे. दहा लाखांपेक्षा महाग गाडीवर विक्रेत्याला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घ्यावाच लागतो. पण तो तुमच्या पॅनवर जमा होतो, फॉर्म २६ एएस मध्ये दिसतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. हे सांगितलंच जात नसल्यामुळे पुष्कळ लोक तो सोडून देतात. तुम्ही तो सोडू नका. शोरूमकडून टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या.

आता आरटीओचे साडेबारा हजार. कर माफ, नोंदणी फी माफ, मग उरलं काय? कर्ज काढलं असेल तर बँकेचा बोजा चढवायचे पंधराशे रुपये, आणि स्मार्ट कार्ड, टपाल वगैरेचे काहीशे. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. नव्या गाडीचं पासिंग आता शोरूममध्येच ऑनलाइन होतं, सरकारी पोर्टलवर पैसे भरले की पावती निघते. म्हणून एकच वाक्य बोला: "जेवढ्याची सरकारी पावती असेल, तेवढेच मी देईन." यात भांडण नाही, आवाज चढवायचं कारणही नाही. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही १ एप्रिल २०१९ पासून कंपनीनेच गाडीबरोबर द्यायची आहे. तिचे वेगळे पैसे मागितले, तर कशासाठी ते लेखी विचारा.

हँडलिंग चार्जेस हा शब्द तर मला फार खटकतो. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणं, पुसून-धुऊन उभी करणं, कागद करणं हाच तर विक्रेत्याचा धंदा आहे. हे सरकारी शुल्क नव्हे, आणि त्याचा दर कुठल्या नियमात लिहिलेला नाही. म्हणून एका शोरूममध्ये तो पाच हजार असतो, दुसरीत अठरा, आणि त्याचं नावही बदलत राहतं: कुठे डेपो चार्जेस, कुठे लॉजिस्टिक, कुठे फॅसिलिटेशन. बिस्किटाच्या पुड्यावर छापील किंमत असते तशी गाडीच्या काचेवर नसते, त्याचा हा परिणाम. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशीलवार कागद लावावा लागतो. सिनेटर मन्रोनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. तरी तिथेही २०२१-२२ मध्ये गाड्यांचा तुटवडा पडला, तेव्हा डीलरांनी 'मार्केट अॅडजस्टमेंट' या नावाखाली हजारो डॉलर वर मागितले. फोर्डला आपल्या लाइटनिंग या इलेक्ट्रिक ट्रकसाठी डीलरांना तंबी द्यावी लागली. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना हा अनुभव असेल. तिथे निदान वरची रक्कम वेगळी उठून दिसते. आपल्याकडे ती चार-पाच ओळींमध्ये वाटून टाकलेली असते, म्हणून हाताला लागत नाही.

विम्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे असते. गाडी विकून डीलरला मिळणारं कमिशन थोडं असतं. विमा, कर्ज आणि अॅक्सेसरीज यांच्यावर त्याची खरी कमाई उभी असते. हे मी त्याच्यावर दोष म्हणून सांगत नाही. त्याला भाडं, पगार, व्याज आहे. पण त्यामुळे विमा त्याच्याकडूनच घ्यावा, असा आग्रह का होतो ते समजतं. विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे डीलर विमा विकू शकतो, मात्र त्याच्याकडूनच घ्या अशी सक्ती करू शकत नाही. "बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही," असं सांगतात, तेही खरं नाही. कॅशलेस मिळणं हे विमा कंपनी आणि त्या वर्कशॉपच्या करारावर असतं. पॉलिसी घेण्याआधी कंपनीच्या यादीत तुमच्या गावातलं वर्कशॉप आहे का, एवढं पाहा.

नव्या मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवतं आणि इलेक्ट्रिक गाडीला त्यात २०२२ पासून १५ टक्के सवलत आहे. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात. तो एकाच वर्षाचा घेता येतो आणि तिथेच घासाघीस होते. मात्र तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, दोन्हीकडे सारखी ठेवा आणि झीरो डेप्रिसिएशन, बॅटरीचं संरक्षण असे जोड-विमेही सारखेच धरा. नाहीतर स्वस्त दिसणारी पॉलिसी नुसती तोकडी असते. आणखी एक: जुनी गाडी विकली असेल आणि क्लेम घेतलेला नसेल, तर तिचा नो क्लेम बोनस नव्या गाडीला लावता येतो, जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत. बाईंच्या जुन्या गाडीवर तो पूर्ण होता आणि कोटेशनमध्ये तो धरलेलाच नव्हता. त्यांनी दोन विमा कंपन्यांचे दर आणून टेबलावर ठेवले, तेव्हा त्याच शोरूमने ७८ हजारांची पॉलिसी ५६ हजारांत दिली.

अॅक्सेसरीज किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, कसलंसं कोटिंग असतं. मॅट घ्या, लागतातच. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत मात्र माझं एक कळकळीचं सांगणं आहे. या गाडीच्या पोटाशी बॅटरी असते. खालच्या बाजूला कसलंही कोटिंग मारून घेण्याआधी ते कंपनीला मान्य आहे का, हे लेखी विचारा. वायर कापून बसवलेले दिवे, हॉर्न, स्पीकर यांच्यामुळे वॉरंटी नाकारली जाऊ शकते. चार हजारांच्या दिव्यांपायी एका गृहस्थांनी काही लाखांच्या बॅटरीची वॉरंटी गमावलेली मी पाहिलीय. त्या गृहस्थांचा चेहरा अजून आठवतो. एक्स्टेंडेड वॉरंटी विकतानाही नीट विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मुळातच देतात. मग जादा पैशांत नेमकं काय वाढतं, ते कागदावर हवं.

किट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, असं कुणी म्हणालं तर? एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घ्यायलाच लावणं याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधक व्यापारी प्रथा म्हटलंय. हे शब्द पत्रात लिहिले की पुष्कळदा किट आपोआप ऐच्छिक होतं.

चार्जरचं मात्र वेगळं आहे. तिथे शोरूमला दोष देण्याआधी आपणच चौकशी करायला हवी. काही कंपन्यांच्या जाहीर किमतीत चार्जर आणि तो बसवण्याचा खर्च धरलेला नसतो. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ ई या गाड्या आल्या, तेव्हा त्यांच्या किमती चार्जर सोडून सांगितल्या होत्या आणि ७.२ किलोवॅटच्या चार्जरचे ५० हजार वेगळे होते. बसवण्याच्या खर्चात ठरावीक मीटरच वायर येते. तिसऱ्या मजल्याच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर ओढायची तर वरचे पैसे लागतात. घरची वायर, अर्थिंग आणि सोसायटीची संमती हे गाडी बुक करण्याआधी पाहून घ्या. चाळीस किलोमीटरच्या रोजच्या फेरीला १५ अँपिअरचा सॉकेट आणि गाडीबरोबरची केबल रात्रभरात पुरते. बाईंनी मोठा चार्जर घेतलाच नाही. जाहीर किमतीचं आणखी एक: बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनेत गाडी एकदम स्वस्त दिसते, पण २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरला सुरुवातीला किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाडं होतं. तुमचं वर्षाचं चालणं गुणून पाहा आणि मगच ठरवा.

सवलतींच्या नावाने दिली जाणारी दोन आश्वासनंही ऐकून ठेवा. कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर सवलत, म्हणजे कलम ८० ईईबी, ही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. आणि केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींना अनुदान नाही. कुणी या दोन्हींचा हिशेब करून गाडी स्वस्त दाखवली, तर तो हिशेब खोडा. कर्ज शोरूमच्या टेबलावर घेण्याआधी आपल्या बँकेत जाऊन या. कर्ज देणाऱ्याने की फॅक्ट स्टेटमेंट द्यायचंच असतं, त्यात सगळ्या फी धरून वर्षाचा खरा दर दिसतो. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देऊ नका. कायद्याने ते चालत नाही, आणि रोखीचा पुरावाही राहत नाही.

आता खरा उघड 'वरचा भाव', म्हणजे लवकर डिलिव्हरीसाठी मागितलेले पैसे. नवी गाडी गाजली की हे सुरू होतं. महिंद्राच्या त्या दोन गाड्यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्याच दिवशी ३० हजारांवर बुकिंग आलं होतं. अशा वेळी कुणी "थोडं वर बघा, पुढच्या आठवड्यात देतो" म्हणालं, की मोह होतो. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी जवळ असली तर आपणच हतबल होतो. दारात तोरण बांधून झालेलं, नातेवाइकांना सांगून झालेलं. शोरूममधल्या माणसाला हे तुमच्याइतकंच माहीत असतं. मुहूर्त मलाही प्रिय आहे. मी एवढंच सांगतो की मुहूर्ताला बुकिंग करा, पूजा करा आणि गाडी सवडीने आणा. बुकिंगची पावती कंपनीच्या नोंदणी क्रमांकासह घ्या, रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील ते तिच्यावर लिहून घ्या. आणि शेजारच्या तालुक्यातल्या किंवा जिल्ह्यातल्या शोरूमचंही कोटेशन आणा. बाईंनी कराडचं आणि पुण्याचं आणलं होतं. एकाच कंपनीचे दोन डीलर एकमेकांच्या स्पर्धेत असले की किंमत हलते. २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला, तो डीलरांना ठरलेल्या मर्यादेपलीकडे सूट देऊ न दिल्याबद्दल होता. त्या प्रकरणाची सुरुवात मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या विक्रीबद्दल आलेल्या एका निनावी ईमेलने झाली होती. कंपनीने त्यावर अपील केलं.

गाडी हातात घेताना फॉर्म २१ वर तयार झाल्याचा महिना आणि वर्ष वाचा. कित्येक महिने उभी असलेली गाडी असेल, तर ती सवलतीतच घ्यायची.

शेवटी बाईंना किती द्यावे लागले? विमा ५६ हजार, सरकारी पावत्यांचे २,३००, मॅटचे साडेतीन हजार आणि टीसीएस. हँडलिंगचे १८ हजार त्यांनी शोरूमच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिल्यावर तिसऱ्या दिवशी निघाले. एकूण ६९,७०० रुपये वाचले. त्या कुणावर ओरडल्या नाहीत. प्रत्येक ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने फक्त 'पावती?' असं लिहिलं होतं.

पत्राने काम झालं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. त्यानेही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते. दहा ते वीस लाखांच्या खरेदीसाठी तिची फी ४०० रुपये आहे आणि मुदत दोन वर्षांची. तिथे लागतं ते पहिलं कोटेशन, म्हणून तो कागद फेकू नका. बाईंनी तो गाडीच्या फाइलमध्ये, विम्याच्या मागे, अजून जपून ठेवलाय.