घोड्याचा भरवसा



मुंबईतल्या वाकोल्यासारख्या वस्तीत घोड्याचं काय काम, असं कुणीही विचारील. डोक्यावरून विमानं जातात, एका अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग, पुलाखाली रिक्षांची खेचाखेच. तरी लग्नसराई आली की आमच्या गल्लीत घोडी येतेच. पुढे बँड, मागे स्पीकर लावलेला टेम्पो, पायाशी फटाक्यांची माळ, पाठीवर मुंडावळ्या सावरत बसलेला नवरदेव आणि त्याच्या पुढ्यात एखादा भेदरलेला भाचा. या सगळ्या गदारोळात घोडी शांतपणे चालत राहते. लोक म्हणतात, बिचारी गरीब आहे, सवयीची आहे. माझं लक्ष मात्र दरवेळी तिच्या मानेशी चालणाऱ्या माणसाकडे जातं. माळेला काडी लागायच्या आत त्याचा हात तिच्या आयाळीखाली गेलेला असतो. तोंडानं तो काहीबाही पुटपुटत असतो, आणि घोडीचा एक कान सारखा त्याच्याकडे वळलेला असतो.

हा कान असा वळतो कसा, त्याविषयी आज बोलायचं आहे. त्यातही जो घोडा रगेल आहे, तल्लख आहे, त्याचा भरवसा माणसाला कसा मिळतो, त्याविषयी.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याच्या शरीराची सगळी रचना त्याच बेतानं झालेली आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीच्या थेट मागचं. आणि आपण नवखी माणसं नेमकं काय करतो? सरळ समोरून जाऊन त्याच्या कपाळावर हात ठेवतो, नाहीतर मागून येऊन पुठ्ठ्यावर थाप मारतो. तो दचकला की आपणच म्हणतो, बुजरा आहे. जाताना डाव्या हाताला पाहिलेली कचरापेटी येताना उजव्या हाताला दिसली, तरी कित्येक घोडे पुन्हा थबकतात. यात मूर्खपणा नाही. खात्री पटल्याशिवाय पुढे न जाणाऱ्यांचेच वंशज आज आपल्यासमोर उभे आहेत.

घोड्याच्या बुद्धीविषयी बोलताना मला बर्लिनचा हान्स आठवतो. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या गणिताच्या निवृत्त शिक्षकानं त्याला बेरीज-वजाबाकी शिकवली होती. प्रश्न विचारला की हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा, आणि उत्तर बरोबर यायचं. १९०४ मध्ये त्याची तपासणी करायला चक्क एक समिती बसली, आणि तिला त्यात कसलीही लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं चिकाटीनं प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, तर हान्सलाही ते येत नव्हतं. विचारणारा माणूस दिसेनासा केला, तरीही येत नव्हतं. घोडा आकडे मोजत नव्हता. तो माणसाकडे पाहत होता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, आणि हान्स थांबायचा. ही हालचाल इतकी बारीक होती की फुंग्स्टला ती कळल्यावरही स्वतःपुरती पूर्ण आवरता येईना.

ही गोष्ट बहुधा घोड्याची फजिती म्हणून सांगितली जाते. मला ती तशी कधीच वाटली नाही. विद्वानांच्या समितीला जे दिसलं नाही, ते हान्सला दिसत होतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठानं २०१६ मध्ये घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली, तेव्हा रागावलेला चेहरा पाहताना त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक लवकर वाढले. नुसतं छायाचित्र, तेही अनोळखी माणसाचं. मग रोज ज्याच्या हातात लगाम असतो, त्याच्या मनातलं त्याला किती समजत असेल! म्हणून मला वाटतं, घोड्याशी नातं जोडताना तयारी आधी आपली व्हायला हवी. तुम्ही धास्तावलेले असाल आणि वरून ‘शाब्बास, शाब्बास’ म्हणत असाल, तर घोडा धास्तीच ऐकणार.

माणूस ओळखण्याची घोड्याची हीच शक्ती माणसानं नीट हाताळली तर काय होतं, ते हांगझोऊला दिसलं. २६ सप्टेंबर २०२३ रोजी आशियाई क्रीडास्पर्धांमध्ये भारताच्या संघानं ड्रेसाज या अश्वक्रीडेत सुवर्णपदक मिळवलं. अनुष अगरवाला, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. अश्वक्रीडेत भारताला सुवर्ण मिळालं ते १९८२च्या दिल्ली स्पर्धेनंतर, तब्बल ४१ वर्षांनी. ड्रेसाजमध्ये घोडा जागच्या जागी लय धरतो, तिरकं चालतो, टापांची चाल बदलतो, आणि स्वार नुसता बसल्यासारखा दिसतो. इशारे असतात, पण ते पोटरीच्या हलक्या दाबाचे, बैठकीतल्या जराशा बदलाचे. हान्सकडे जे होतं, तेच इथं दोघांच्या संमतीनं चालतं.

ही संमती मिळते कशी, ते मी एका काठेवाडी घोडीपाशी शिकले. काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात. ताठ केले की टोकाला टोक भिडतं. ही घोडी अंगानं सडपातळ, पायांची चपळ आणि डोक्यानं इतकी तेज, की तोंडानं कडी सरकवून दार उघडायला ती आपली आपण शिकली होती. पण उजव्या कानाजवळ हात गेला की मान झटक्यात वर! लगाम चढवायचा तर कानामागून पट्टा जाणारच. त्यामुळे रोज सकाळी झटापट. पूर्वी कुणीतरी तिला आवरायला तिचा कान पिळून धरला होता. नाल मारताना, इंजेक्शन देताना काही ठिकाणी असं करतात. घोडा तेवढ्यापुरता गप्प उभा राहतो, पण ते वर्षानुवर्षं विसरत नाही.

तिच्या देखभालीला असलेल्या मोतद्दारांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. त्यांनी लगाम खुंटीला अडकवून ठेवला आणि नुसता हात घेऊन कामाला सुरुवात केली. मानेच्या बुडाशी, जिथं आयाळ संपते, तिथं खाजवायचं. मग हात हळूहळू वर सरकवायचा. एका जागी पोहोचलं की तिच्या कातडीखालचा स्नायू ताठ होई. हात तिथंच थांबायचा. ना पुढे, ना मागे. ती डोळे मिटून उघडी, नाकपुडीतून लांब श्वास सोडी, मान बोटभर खाली येई, आणि त्याच क्षणी चाचा हात काढून घेत.

मी विचारलं, ‘‘चाचा, ती शांत झाली की मग पुढे जायचं ना? हात काढता कशाला?’’

ते म्हणाले, ‘‘ताई, तिला तेच तर पाहिजे. शांत राहिली की हात जातो, हे तिला कळू दे. तिनं मान झटकल्यावर काढला, तर ती झटकायलाच शिकणार.’’

घोड्याच्या सगळ्या शिक्षणाचं मर्म या दोन वाक्यांत आहे, असं माझं मत झालं आहे. आपल्याला वाटतं, घोडा दाबानं शिकतो. लगाम खेचला की थांबतो, टाच मारली की चालतो. खरं तर तो शिकतो दाब सुटतो त्या क्षणी. पोटरी दाबली, त्यानं पाऊल टाकलं आणि पोटरी लगेच सैल झाली, तर त्याच्या ध्यानात राहतं की पाऊल टाकणं बरोबर होतं. पाऊल टाकल्यावरही टाचा बडवत राहिलात, तर त्यानं त्यातून काय समजावं? आणि त्यानं डोकं उडवल्यावर घाबरून लगाम सोडलात, तर डोकं उडवण्याचं बक्षीस तुम्हीच दिलंत. मठ्ठ घोड्याला हे कळायला वेळ लागतो. तल्लख घोडा चांगला धडाही चटकन घेतो आणि वाईटही. म्हणून ज्याला लोक नाठाळ म्हणतात, तो घोडा बहुतेक वेळा हुशार असतो आणि कुणाच्या तरी हाताच्या चुकांचा हिशेब ठेवून बसलेला असतो. त्याला चाबकानं वठणीवर आणता येतं, हे मी नाकारत नाही. पण तसा घोडा तुमच्या ताब्यात असतो, तुमच्या बाजूला नसतो. अवघड जागी हा फरक जिवावर बेतू शकतो.

चाचांचा हात पुढे कानापर्यंत गेला, मग कानावरून फिरला. नंतर हातात फडकं आलं, मग पट्टा. कानावरून ओढावा लागू नये म्हणून पट्ट्याचं बक्कल आधी सोडून ठेवलेलं असे. काही दिवशी काम मागेही आलं. पावसाची झड आणि पत्र्यांचा आवाज असला, की चाचा त्या दिवशी कानाचं नावच घेत नसत, नुसता खरारा करत. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, हे ग्रीक सेनानी झेनोफन सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहून गेला. चाचांनी झेनोफन वाचलेला नव्हता. पण घरून कातावून आलेल्या माणसाला ते आधी शेण उचलायला लावत, घोडीजवळ मागाहून पाठवत.

त्या खाजवण्याबद्दलही थोडं सांगते. आपण प्रेमानं घोड्याला थापटतो. घोडे एकमेकांना कधी थापटत नाहीत. समोरासमोर उभे राहून एकमेकांची आयाळीखालची जागा दातांनी खाजवतात. तिथं खाजवलं की घोड्याच्या हृदयाची गती खाली येते, हे संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. नेमकी जागा सापडली की वरचा ओठ लांब होतो, थरथरतो. भरवशाची आणखी एक खूण झोपेची. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो. पायांच्या सांध्यांना तशी सोयच असते. गाढ झोपेला मात्र त्याला आडवं व्हावं लागतं, आणि निर्धास्त वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. पागेत तुमचा वावर चालू असताना घोडा पडून राहिला, तर त्यानं तुम्हाला आपल्यातलं मानलं असं खुशाल समजा.

नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला, तापीच्या काठी, दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथं घेणारे अंगावरचे भोवरे पाहतात, त्यांतला शुभ मानलेला देवमण आहे का पाहतात. ज्याची त्याची श्रद्धा. मी घ्यायला गेले, तर मालकानं कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला की घोडा काय करतो, ते पाहीन.

भरवसा पाठीवर बसूनच कमावला जातो असंही नाही. तो चंदीच्या तोबऱ्यातून, वैरणीच्या वेळांतूनही येतो. घोड्याचं पोट लहान, थोडंथोडं सतत खाण्यासाठी घडलेलं. तासन् तास उपाशी ठेवलेला घोडा चिडका होतो आणि आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. आपल्याकडे ही जाण जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या पागेत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना महाराजांनी जे पत्र धाडलं, त्यात दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, ही चिंता आहे. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर वात पळवील आणि गवताला आग लागेल, इथवर त्यांनी बजावलं आहे. एवढं मोठं राज्य उभारणारा राजा उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो, तो घोड्यांच्या काळजीपोटी.

मुंबईतला घोडा आता कमी होत चालला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या, आणि त्या घोड्यांचे हाल ज्यांनी पाहिले होते त्यांना तो निर्णय पटला, मलाही पटला. दुसरीकडे १९३२ मध्ये बंद झालेलं मुंबई पोलिसांचं घोडदळ जानेवारी २०२० मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि त्याच्या पागेसाठी आमच्या जवळच्या मरोळचं नाव जाहीर झालं. गर्दीत उभा राहणारा घोडा तयार करायचा म्हणजे पुन्हा चाचांचंच काम. आवाज आधी लांबून ऐकवायचा, कान सैल पडले की बंद करायचा, मग जरा जवळून. थेट फटाक्यांत नेऊन उभा केला, तर तो आवाजाला सरावत नाही, सोबतच्या माणसावरचा विश्वास तेवढा गमावतो.

ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांची घोड्याशी पहिली गाठ माथेरानला पडते. यंदा मुलांना घेऊन गेलात, तर दस्तुरी नाक्यावर घाईनं वर चढू नका. घोडेवाल्याला घोड्याचं नाव विचारा. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जवळ जा, मुलाला हाताची पाठ पुढे करू द्या, घोड्याला ती हुंगू द्या. त्यानं तोंड फिरवलं तर थोडं थांबा. घोडेवाल्याची भाड्याची घाई असली तरी थांबा. चढाला पुढे झुका, उताराला मागे रेला, आणि लगामाला लोंबकळू नका, त्याचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात आहे. उतरल्यावर फोटो काढायच्या आधी घोडेवाल्याला तंग सैल करायला सांगा, आणि तो पाणी कुठं पाजतो ते विचारून मुलालाही सोबत घेऊन जा.