गरम कुंडाखाली काय आहे?

२०१८ मध्ये डहाणू-तलासरीकडं भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हापासून आम्हाला बायका विचारतात, वज्रेश्वरीच्या गरम कुंडाखाली ज्वालामुखी आहे का? आपला काळा कातळ लाव्हारसाचाच खरा. पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवालाय. अमेरिकेत यलोस्टोनखाली भूकंपाच्या लहरी मंदावतात, त्यावरून तिथला अर्धवट वितळलेला खडक ओळखला. कोकणात तसं नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. तिथं तापलेलं पाणी भेगांतूनच वर येतं. तेव्हा ज्वालामुखीच्या धास्तीनं घर सोडू नका. उन्हवऱ्याचं पाणी मात्र उगमाशी ७० अंशांच्या आसपास असतं, तिथं पोरांचा हात सोडू नका.